जानेफळचा झाडोबा

परत येऊन तीन आठवडे झाले, पण माझा राग काही उतरलेला नाही. शाळेच्या शिक्षकखोलीत बाया विचारतात, "नाताळच्या सुट्टीत वऱ्हाडात गेला होतात म्हणे! काय काय पाहिलंत?" मी सांगते, "सोनाराची कात्री पाहिली." मग पुढे कोणी विचारत नाही. वीस वर्षं माझ्याबरोबर नोकरी केल्यामुळे माझा आवाज कधी चढणार हे त्यांना आधीच कळतं. पण न विचारता गप्प बसणाऱ्यांचाही मला राग येतो, म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

आधी माझ्या छंदाविषयी. मी जुनी जर्मन चांदीची नाणी जमवते. असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जर्मनची पातेली येतात, म्हणून नीट सांगते. तीन-चारशे वर्षांपूर्वी जर्मनी हा एक देश नव्हताच. आपल्याकडे होती तशी लहानमोठी शेकडो संस्थानं होती. प्रत्येक राजाला स्वतःचं नाणं हवं. ते नाणं म्हणजे थालेर. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाच्या अडीच पट वजनाचं. ही चांदी जहाजांतून सुरतेला यायची आणि टांकसाळीत वितळून तिचे रुपये व्हायचे. एखादंच नाणं त्या भट्टीतून निसटायचं आणि कुणाच्या गळ्यात, कुणाच्या गाठोड्यात जाऊन बसायचं. अशी निसटलेली अकरा नाणी माझ्याकडे आहेत. आमच्या नाणेसंग्राहक मंडळात मी एकटीच बाई. तिथले एक गृहस्थ मला म्हणाले होते, "बाई, तुम्ही मंगळसूत्राच्या वाट्या का नाही जमवत?" त्या गृहस्थांकडे एकही थालेर नाही, याची आठवण मी त्यांना दर बैठकीला करून देते.

तर दिवाळीनंतर शैलाचं पत्र आलं. शैला माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. गावातल्या संपतराव नावाच्या एका शेतकऱ्याच्या घरी ती हळदीकुंकवाला गेली, तेव्हा देवघरात चांदीच्या टाकांमध्ये तिला एक वेगळाच टाक दिसला. बाकीचे टाक पातळ पत्र्याचे, हा जाडजूड आणि गोल. त्यावर दाढीवाला उघडा पुरुष, कमरेला पानं गुंडाळलेली, हातात मुळासकट उपटलेलं झाड. घरचे लोक त्याला झाडोबा म्हणत. शैला माझ्या हाताखालून गेलेली, तिला शंका आली. तिने वहीचा कागद त्यावर ठेवून पेन्सिल घासली आणि तो छाप मला पाठवला.

मी कागद पाहिला आणि हातातला चहा साडीवर सांडला. ब्राउनश्वाइग संस्थानचा रानमाणूस! त्यांच्या डोंगरातल्या खाणींचा तो राखणदार, म्हणून चांदीच्या नाण्यावर त्याचं चित्र. चित्रांच्या पुस्तकाबाहेर मी तो कधी पाहिला नव्हता. कडेची लॅटिन अक्षरं निम्मी पुसलेली होती, पण वर्षातले 'सोळाशे' स्पष्ट होते.

मी लगेच त्या घराला पत्र लिहिलं. पत्र कसं लिहावं हे मी मुलींना शिकवते, त्यामुळे त्यात संदिग्ध काही नव्हतं. "सदर वस्तू ही देवता नसून जर्मन देशातील ब्राउनश्वाइग संस्थानचे सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वीचे अत्यंत मौल्यवान नाणे आहे. तरी त्यास चिंच, राख अगर रांगोळी लावू नये व मी येईपर्यंत त्याची पूजा थांबवावी." खाली सही, सहीखाली माझी पदवी. हे पत्र टाकून मी घरी आले तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शेगाव

पुण्याहून निघाले आणि मनमाडला गाडी बदलून शेगावला उतरले. तो प्रवास सांगण्यासारखा नाही. स्टेशनाबाहेर गरम कचोरी खाल्ली, तळलेली हिरवी मिरची तोंडी लावून. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं. पण कचोरी अशी की मी दुसरी मागितली, आणि पुण्यात मी दुसरं काहीही मागत नाही.

महाराजांचं दर्शन घेतलं आणि एका लॉजवर गेले. काउंटरवरच्या माणसाने वही उघडली.

"संगं कोन हाये?"

"कोणी नाही."

"गडीमानूस?"

"नाही."

"मंग बाई, कोनाचं नाव लिहू?"

"माझं लिहा! मला नाव आहे!"

माझा आवाज पार जिन्यापर्यंत गेला असावा, कारण वरून दोघं-तिघं डोकावले. त्याने शांतपणे माझं नाव लिहिलं, पुढे कंसात 'एकटी' असं लिहिलं आणि खोली दिली ती अगदी त्याच्या काउंटरसमोरची. मी दार आपटून आत गेले. सकाळी दारात गरम पाण्याची बादली आणि त्यावर झाकलेला चहा. मी न सांगता. पैसे विचारले तर म्हणाला, "पान्याचे कायचे पैसे, बाप्पा?" आमच्याकडे एकट्या बाईला कोणी प्रश्न विचारणार नाही, आणि कोणी बादलीभर पाणीही देणार नाही. यातलं बरं कोणतं हे मी अजून ठरवलेलं नाही.

खामगाव

खामगावात कापसाच्या गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागली होती. बैल रवंथ करत उभे, गाडीवान गाडीखाली निजलेले, आणि हवेत सगळीकडे कापसाचे तंतू. पण माझं काम चांदीच्या बाजारात होतं. इथल्या चांदीचं नाव मोठं आहे. सोन्याचे दागिने घडवण्यावर बंधनं घालणारा सरकारी कायदा आल्यापासून तर सोनारांच्या हाताला चांदीच उरली होती, आणि सगळ्या गावात ठकठक चालू होती.

तिथल्या एका शेठजींनी मागच्या वर्षी मला कळवलं होतं की त्यांच्याकडे मोडीत दोन मोठी परदेशी नाणी आली आहेत. मी उलट टपाली कळवलं, ठेवा, येते. आता गेले तर शेठजींनी गादीवर जागा करून दिली, चहा मागवला आणि समोरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे देवाच्या मूर्तीवर धरायचं चांदीचं छत्र होतं.

"त्यात हायेत," ते म्हणाले.

"कशात?"

"छत्रात. आटवली ना. जुनी चांदी मळकी राह्यते बाई. शुद्ध केली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना विचारलं, त्यावर कोणाचं चित्र होतं? त्यांना आठवेना. घोड्यावरचा माणूस? असेल. तिघे भाऊ ओळीने उभे? असतीलही. मी म्हटलं, "शेठजी, तुम्ही इतिहास वितळवलात!" ते जराही रागावले नाहीत. त्यांनी नवी कोरी चांदीची लगड काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुमाले चांदीच पायजे ना? ह्याच्यात खोट नाई. काऊन चिडून राह्यल्या?"

मी चहा न पिता उठले. पण बाजारातून चालताना मला एका गोष्टीचं समाधान होतं. जानेफळला असं होणार नव्हतं. तिथे माझं पत्र आधीच पोचलेलं होतं.

घाट

खामगाव सोडलं की मोटार घाट चढून वर पठारावर येते. खाली सपाट काळी रानं आणि वर आलं की मुरमाड टेकड्या, मधून ज्वारीचे पट्टे, शेंगांनी लवलेली तूर. निम्म्या घाटात इंजिन तापलं आणि झाकणातून वाफ उडाली. कंडक्टर म्हणाला, "उतरा, पाय मोकये करा." सगळे उतरले. कोणी घड्याळ पाहिलं नाही. आमच्याकडे एव्हाना तक्रारवही मागितली गेली असती, आणि मागणारी मीच असते. इथे एका बाईने पदराची गाठ सोडून मला ओल्या हरभऱ्याचे घाटे दिले.

"कोनाच्या घरी जाता, बाई?"

"डॉक्टरांकडे. आणि संपतरावांकडे. त्यांच्याकडचा झाडोबा पाहायचाय."

तिचा हात तसाच राहिला. शेजारची म्हातारी वळली, कंडक्टर वळला. "अवो," ती बाई म्हणाली, "तुमीच का त्या चिठ्ठीवाल्या?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

ती म्हातारीच्या कानाशी लागली. गाडीत बसल्यावरही मागे कुजबुज चालली होती. माझं नाव माझ्या आधी पोचलं या कौतुकाने मी जानेफळपर्यंत ताठ बसून राहिले. त्या ताठ बसण्याचा आता मला सगळ्यात जास्त राग येतो.

जानेफळ

शैला थांब्यावर उभी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच भेटत होतो, पण तिचा चेहरा उतरलेला. पिशवी हातातून घेत ती म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांना पत्र पाठवणार आहात हे मला कळवलं असतंत तर बरं झालं असतं."

मग चालता चालता तिने सांगितलं ते असं. संपतराव थोरले. पाठचा गणपत आणि सगळ्यांत धाकटा महादू. तिघांची शेती आणि भाजीचा मळा आजवर एकत्र होता. यंदा पिकं निघाली की वेगळं व्हायचं ठरलं होतं, आणि तेही भांडून नव्हे. घरात माणसं मावेनात म्हणून. वावर तीन ठिकाणी मोजून झालं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बैल वाटले. देवांची तर बोलणीच नव्हती. या भागात देव वाटत नाहीत. देव थोरल्याचे. धाकटे नवे टाक करून घेतात, जुन्या देवाला टेकवतात आणि आपापल्या घरी नेतात. झाडोबाचेही दोन नवे टाक अमडापूरच्या सोनाराकडे घडवायला टाकले होते.

"आणि मग?"

"मग तुमचं पत्र आलं. घरात कोणाला नीट वाचता येईना, म्हणून शाळेच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. दोनदा. निम्मं गाव ऐकत होतं."

मला अजून कळलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं की! सगळ्यांना समजलं."

शैला थांबली. "बाई, देव थोरल्याचा असतो. पण नाणं तिघांचं असतं."

मी रस्त्यात उभी राहिले. शाळेत मी मुलींना म्हणते, एका वाक्यात उत्तर द्या. तिने दिलं होतं.

तेव्हापासून घरात धुसफूस चालली होती. गणपत म्हणे, आजवर देव म्हणून गप्प होतो. शिकलेली बाई लिहिते नाणं आहे, मौल्यवान आहे, मग त्यात माझा हिस्सा. महादू कुणाच्याच बाजूने बोलेना, पण हिस्सा नको असंही म्हणेना. आणि आज अमडापूरचा बाजार, म्हणून तिघे भाऊ आणि संपतरावांची बायको सुभद्राबाई झाडोबाला घेऊन सकाळच्या मोटारीने सोनाराकडे गेले होते.

"कशाला?"

"त्याचं काय करायचं ते ठरवायला."

दुपारची मोटार तीनला होती. मी एवढं थांबणं शक्यच नव्हतं. बाजाराला निघालेला भाजीचा ट्रक शैलाने हात करून थांबवला, आणि आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे वांगी आणि हिरव्या मिरच्यांची पोती. वाऱ्याबरोबर मिरचीचा ठसका पुढे यायचा, मी शिंकायची, ड्रायव्हर हसायचा. वाटेत मी शैलावर रागावले, मास्तरांवर रागावले, दोनदा वाचल्याबद्दल खास रागावले. शैला ऐकत राहिली. वर्गातही ती अशीच ऐकायची.

अमडापूर

सोनाराचं दुकान बाजाराच्या कडेला, एका ओट्यावर. सोनार वयस्क, नाकावर चष्मा, पुढ्यात ऐरण. तिघे भाऊ पागोटी मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांच्यापासून हातभर दूर सुभद्राबाई. उंच, काळीसावळी, पाठ ताठ. मांडीवर फडकं, फडक्यात मूठभर ज्वारी, आणि ज्वारीवर तो.

मी खरंच सांगते, क्षणभर माझा राग पळाला. इतकं सुंदर नाणं मी हातभर अंतरावर कधी पाहिलं नव्हतं. रानमाणसाचं नाक चिंचेने झिजून गेलं होतं, दाढी गुळगुळीत झाली होती. पण झाडाचं पान न् पान शाबूत, आणि पानापानांच्या मधे किती पिढ्यांचं कुंकू बसलेलं, की ते झाड फुलल्यासारखं दिसत होतं. पेरणीच्या पहिल्या दिवशी त्याला बियाण्यात ठेवून मग पाभर चालवतात, हे मला शैलाने वाटेत सांगितलं होतं. मी पुढे होऊन हात पसरला. सुभद्राबाईंनी फडकं मिटलं.

शैलाने माझी ओळख करून दिली. गणपतने लगेच जागा केली. "बसा बसा, मास्तरीणबाई. तुमचीच वाट पाहून राह्यलो असं समजा."

मी बसलेच नाही. उभ्याउभ्या म्हटलं, "हे नाणं मला द्या. मी योग्य किंमत देते. पैसे तुम्ही तिघे वाटून घ्या. म्हणजे नाणंही वाचेल आणि तुमचं भांडणही मिटेल."

गणपतने महादूकडे पाहिलं. महादूने जमिनीकडे. संपतरावांनी बायकोकडे.

"देव इकत नाई आमी," सुभद्राबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"वयनी, देव नाई तो!" गणपत म्हणाला. "चिठ्ठीत लिहेल हाये ना!"

"चिठ्ठी तुयी तू वाच. मायी सासू यायले आंघोय घाले. तिची सासू घाले. चिठ्ठी कवा आली अन् हे कवाचं हाये?"

"मंग नानं असन तं आटवा अन् वाटे करा. हिस्सा मले पायजे."

"आटवतो म्हनतो लेक! देवाले आगीत घालतो!" सुभद्राबाई म्हणाल्या.

"आटवा नोको. कापा," गणपत म्हणाला.

मी ओरडले, "कापा? अहो, वेड लागलंय का? सव्वातीनशे वर्षं टिकलेली वस्तू आहे!" आणखीही पुष्कळ बोलले. अडाणीपणा हा शब्द मी वापरला, हे शैलाने मला नंतर सांगितलं. बाजारातले लोक ओट्याभोवती जमा झाले.

तेव्हा सोनाराने चष्मा काढला.

"हे पाहा," तो म्हणाला, "मी आजवर देवाले कात्री लावेल नाई. माया बापानं लावली नाई. देव असन तं मी हात लावत नाई, अन् तो थोरल्याच्या घरी जाईन. नानं असन तं चांदी हाये, अन् चांदी मी रोज कापतो. आता ह्या बाई शिकेल हायेत, त्यायनंच लिहून धाडलं. त्याच सांगतीन." तो माझ्याकडे वळला. "सांगा बाई. हे काय हाये? देव, का नानं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. सुभद्राबाईंनीही पहिल्यांदा मान वर केली.

आता मी जे लिहिणार आहे ते टाळता आलं असतं, पण टाळणार नाही. तेवढ्या वेळात मला सगळं कळलं होतं. 'देव' एवढंच म्हटलं असतं, तर ते नाणं आख्खं राहिलं असतं. जानेफळच्या देवघरात, चिंचेने झिजत, पण आख्खं. आणि मला कधीच मिळालं नसतं. माझ्या पर्समध्ये पैसे होते, बँकेतून काढून आणलेले. आणि मनात असं होतं की एकदा नाणं ठरलं, की ही बाई नमेल. त्यात वीस वर्षं खडूने फळ्यावर खरं तेच लिहिण्याची सवय. हाव आणि खरेपणा इतके एकमेकांत मिसळले होते की मला ते वेगळे करता आले नाहीत.

"नाणं आहे," मी म्हणाले.

सुभद्राबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फडकं उघडलं, तो उचलून कपाळाला लावला, आणि सोनाराच्या नव्हे, गणपतच्या हातावर ठेवला. "घे. पन इकाचं नाई. माया वाट्याचं मी इकनार नाई."

मी दुप्पट किंमत बोलले. मी हात जोडले. मी, जी कोणापुढे हात जोडत नाही! गणपत चुळबुळला, त्याला विकायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. पण एका वाटेकऱ्याचा नकार असला की वस्तू विकत नाहीत, तिचे वाटे करतात. हे त्या ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. आपण बोललो ते इथपर्यंत येईल असं त्यालाही वाटलं नसावं. पण माणसं जमली होती, आणि माघार कोण घेणार?

सोनाराने नाण्यावर शाईने तीन रेघा मारल्या. मग पत्रा कापायची मोठी कात्री काढली. जाड चांदी एका दाबात तुटत नाही. तो कात्रीवर वजन टाकून वाकला, आणि दात खाल्ल्यासारखा आवाज आला. मी तोंड फिरवलं, पण कान कुठे फिरवणार? तुकडे तागडीत घालून त्याने कानस लावली आणि तिन्ही बरोबर केले. पडलेला कीसही त्याने कागदावर झाडून तीन चिमट्यांत वाटला. त्याच्या कामात खोट नव्हती.

संपतरावांच्या वाट्याला रानमाणसाचं डोकं आलं. गणपतला झाड. महादूला दोन पाय.

महादू तळहातावरचे ते पाय बघत बसला. "दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मी याचं काय करू आता?"



परत जानेफळ

माझी पिशवी जानेफळला शैलाच्या घरी राहिली होती, नाहीतर मी तिथूनच निघाले असते. आम्ही सगळे एकाच मोटारीने परतलो. अशी मोटार शत्रूलाही मिळू नये. गणपतने झाड धोतराच्या सोग्यात बांधलं होतं आणि सारखं चाचपून पाहत होता. मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात सगळ्यांची खरडपट्टी काढत होते. शेठजी, मास्तर, सोनार, गणपत. यादी फिरून फिरून एका नावाशी येत होती आणि मी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

उतरताना सुभद्राबाई म्हणाल्या, "दिवेलागनीले जेवाले या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. शैला म्हणाली, "गेलं पाहिजे बाई. गावात आलेला माणूस त्यांच्याकडे जेवल्याशिवाय जात नाही."

गेले. चुलीपुढे पाट मांडलेला. ज्वारीची गरम भाकर, तुरीचे ओले दाणे, तिकडचे सोले, घातलेली वांग्याची भाजी, कढी, आणि असा ठेचा की त्याला हात लावायला धीर हवा. एरवी मी या भाजीवर दोन पानं लिहिली असती. तेव्हा मी भाकरीचे तुकडे नुसते चिवडत होते. सुभद्राबाई शिव्या देत्या तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं. त्या फक्त "घ्या," म्हणत वाढत होत्या, आणि मला त्यांच्या वाढण्याचाही राग येत होता.

समोर कोनाड्यात देवघर होतं. पातळ टाकांच्या मधे तो तुकडा. झिजक्या नाकाचं डोकं, खांद्यापाशी तिरपं कापलेलं. त्याला आंघोळ घालून झालेली होती. कुंकू लावायला जागा कमी होती, म्हणून सगळं कपाळच लाल झालेलं.

हात धुतल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"शैलाबाई म्हने, तुमच्यापाशी त्याचा छापा हाये. कागदावरचा."

माझा हात पर्सवर गेला. "आहे."

"त्याच्यात तो आख्खा हाये?"

"आहे."

"मंग तो आमाले द्या."

मला पुन्हा संताप आला, खोटं कशाला सांगू? तो एकच कागद होता. नाणं गेलं होतं. असं नाणं इथे होतं याचा तेवढाच पुरावा उरला होता. मंडळात दाखवायला, लेख लिहायला, त्या मंगळसूत्राच्या वाट्यांवाल्या गृहस्थांचं तोंड बंद करायला. मी म्हणणार होते की नक्कल करून पाठवते. पण त्या देवघराकडे माझी नजर गेली, आणि मी पर्स उघडली.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. दिव्यापुढे धरून पाहिला. डोकं, हात, झाड, मुळं, पाय. बोट न लावता, वरून वरून बोट फिरवत त्यांनी सगळं मोजून घेतलं. मग तो कोनाड्यात तुकड्याच्या मागे उभा केला, ओल्या बोटावर कुंकू घेतलं आणि पेन्सिलीच्या कपाळावर टेकवलं. कागदावर लाल डाग पसरला. 'अहो, कागद खराब होईल!' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले.

त्यांनी मागे वळून मला विचारलं, "आता सांगा बाई. हे काय हाये? कागद, का देव?"

"देव," मी म्हणाले.

सुभद्राबाईंनी दिव्याची वात पुढे सारली.

"हेच दुपारी म्हनल्या असत्या तं," त्या म्हणाल्या, आणि भांडी आवरायला उठल्या.